दसऱ्याआधी तपासलेली टेप

आमच्या साखर कारखान्यातला सर्व्हर दिसायला अगदी साधा होता. शेतकी विभागाच्या मागच्या खोलीत, लाकडी टेबलावर, ट्रंकेएवढा एक पांढरट डबा. त्यातून निघालेल्या वायरी भिंतीला भोकं पाडून पुढच्या हॉलमध्ये गेलेल्या आणि तिथं सहा टर्मिनलं. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं. कामासाठी आलेले शेतकरी त्या पडद्यांकडे बघून "टीव्ही चालू हाय का?" असं विचारायचे आणि मी मान वर न करता "बातम्या लागल्यात" म्हणायचे. माझा स्वभाव तेव्हाही फार गोड नव्हता.

चौऱ्याण्णव साली मी तिथं लागले. बारामतीत कॉम्प्युटरचा डिप्लोमा केलेला, राहायला लासुर्ण्यात. सकाळची एसटी पकडायची, संध्याकाळच्या एसटीनं परतायचं. कॉम्प्युटर विभाग म्हणजे मी, दोन टायपिंग येणारी मुलं आणि एक पंखा. पंखा यंत्रासाठी होता. आम्हाला तो लागला तर आम्ही यंत्राच्या खोलीत जाऊन उभे राहायचो.

त्या डब्यात बरंच काही होतं, पण खरी ठेव एकच: लागण नोंद. कोणत्या गावात, कोणत्या गटात, कोणी किती ऊस लावला, जात कोणती आणि लागणीची तारीख काय. हंगाम सुरू झाला की या तारखांवरून तोडणीचा क्रम लागतो. ज्याची लागण आधी, त्याची तोड आधी. ऐकायला सोपं वाटतं. पण ऊस शेतात कायम उभा राहत नाही. त्याला तुरा येतो, तो आतून पोकळ पडतो, वजन घटतं. म्हणून प्रत्येकाला आपली तोड आधी हवी असते, आणि वह्यांच्या काळात बळी तो कान पिळी हाच क्रम पुष्कळदा चालला असणार. यंत्र आलं तेव्हा लोकांना त्यातली एकच गोष्ट पटली: त्याला ना मामा ना मेव्हणा. मला तर त्याचा गर्वच होता. संध्याकाळी बसमध्ये बसताना मी मनात म्हणायचे, आज एकाही माणसाची तारीख मी इकडची तिकडे होऊ दिली नाही.

शेतकी विभागाचे हेडक्लार्क होते, त्यांना सगळेच तात्या म्हणत. निवृत्तीला दीड-दोन वर्षं उरलेली. त्यांच्या वडलांपर्यंत घरात मेंढरं होती. तात्या त्या घरातले पहिले खुर्चीवर बसणारे. लागणीच्या वह्या त्यांनी जन्मभर लिहिल्या होत्या, अक्षर असं की छापल्यासारखं. अठ्ठ्याण्णवच्या पावसाळ्यात वरून हुकूम आला की आता वही बंद, नोंद फक्त कॉम्प्युटरवर. मला वाटलं, तात्या माझ्याशी बोलायचं सोडतील. पण ते दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलासमोर खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "आता तुमच्या डब्याला वाचता येतंय का न्हाय ते मी बघतो." तेव्हापासून रोज घातलेल्या नोंदी ते पडद्यावर तपासायचे. चूक सापडली की त्यांना मनापासून आनंद व्हायचा.

नव्याण्णवच्या उन्हाळ्यात पुण्याहून पत्र आलं. ज्यांच्याकडून यंत्र घेतलं होतं, त्यांचं म्हणणं असं की सन दोन हजार येतंय, तुमच्या सर्व्हरवरची ऑपरेटिंग सिस्टिम जुनी आहे, बदलून घ्या. त्या वर्षी असली पत्रं सगळ्यांनाच येत होती आणि पुष्कळजण ती फाईलला लावून मोकळे होत होते. मी मात्र आधी करून बघितलं. ऑफिसातला एक बाद झालेला पीसी मी भांडून मागून घेतला होता. त्यावर आमचीच सिस्टिम आणि आमच्याच नोंदींची नक्कल चढवलेली होती. त्याची तारीख मी पुढच्या जानेवारीची केली आणि तोडणीचा क्रम काढला.

आमच्याकडं आडसाली ऊस जुलै-ऑगस्टात लावतात आणि तो सुमारे दीड वर्षानं तुटतो. म्हणजे अठ्ठ्याण्णवच्या जुलैत लावलेल्या उसाची तोड डिसेंबर-जानेवारीत, बरोबर वर्ष पालटताना. जुन्या सिस्टिमला वर्षाचे शेवटचे दोनच आकडे कळत. जानेवारी आला की तिच्या लेखी साल झालं शून्य, आणि शेतात डोक्यावर गेलेला ऊस तिच्या मते अजून अठ्ठ्याण्णव वर्षांनी लावायचा होता. सगळा क्रम उलटापालटा. मी तात्यांना बोलावून दाखवलं. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

"म्हंजी तोडायला आपल्या नातवाच्या नातवानं जायचं," ते म्हणाले. "बदलाच ते मॅडम."

बदलायचं ठरलं, पण कशानं? पुण्याहून जे इंजिनिअर साहेब यायचे, त्यांनी फोनवर सांगितलं की सगळ्यात नवं व्हर्जन घ्या. नुकतंच आलंय, वेगवान आहे, सगळं त्यात आहे. माणूस हुशार होता, वाईट नव्हता. पण पुण्यात बसून आमच्या यंत्राबद्दल बोलणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं. सहा टर्मिनलं सर्व्हरला जोडणारं आमचं कार्ड जुनं, टेप ड्राइव्ह जुना, प्रिंटर तर माझ्याहून वयानं मोठा वाटायचा. नव्या व्हर्जनला ही म्हातारी मंडळी ओळखू येतात का, हे त्या साहेबांनाही ठाऊक नव्हतं. त्यांनी तसं कबूल केलं नाही, एवढंच.

मग मी एसटीडीवरून इतर कारखान्यांच्या कॉम्प्युटर विभागांना फोन लावले. ओळख ना पाळख, पण आम्ही सगळे एकाच दुखण्याचे. एका ठिकाणी ते अगदी नवं व्हर्जन घातलं होतं आणि तिथली सगळी टर्मिनलं आठवडाभर मुकी बसली होती. त्यांचं कार्ड आमच्याच जातीचं. दुसरीकडे एक पायरी मागचं व्हर्जन घेऊन त्यावर दोन हजार सालाची दुरुस्ती चढवली होती, आणि तिथं सगळं सुरळीत होतं. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा. मी एक पायरी मागचं व्हर्जन मागितलं. इंजिनिअर साहेबांना ते आवडलं नाही. "मॅडम, दोन वर्षांनी पुन्हा बदलावं लागेल," ते म्हणाले. मी म्हटलं, "दोन वर्षांनी मी असेनच की इथं."

ते व्हर्जन आधी बाद पीसीवर घातलं. कार्ड काढून त्यात लावलं, सुट्टीच्या दिवशी, म्हणजे कोणाचं काम अडायला नको. टर्मिनल बोललं. प्रिंटरनं छापलं. टेप वाचली गेली. जानेवारीची तारीख टाकून क्रम काढला तर तो सरळ आला. एकेक गोष्ट मी वहीत लिहून ठेवत होते आणि तात्या शेजारी बसून सुपारी कातरत होते.

"आमचा बाप मेंढरं घिऊन नीरा वलांडायचा," ते म्हणाले. "पाणी आसलं की समदा कळप एकदम न्हाय घालायचा. आदी दोन म्हाताऱ्या मेंढ्या उतरवायच्या. त्या पार झाल्या की बाकीच्या आपसूक जात्यात."

"आणि त्या दोन बुडाल्या तर?"

"तर दोनच बुडाल्या."

मी हसले, पण मला ते पटलं होतं. बाद पीसी म्हणजे माझ्या दोन म्हाताऱ्या मेंढ्या.

गणपती झाल्यावर गावोगावच्या चावडीवर लागण नोंदीच्या याद्या लागल्या. दरवर्षीची पद्धत. आपलं नाव बघायचं, तारीख बघायची, चूक असेल तर पंधरा दिवसांत लेखी अर्ज द्यायचा. लेखी म्हणजे लेखीच. "अर्जाशिवाय दुरुस्ती होणार नाही" अशी पाटी काउंटरवर मीच रंगवून घेतली होती, कारण आधीच्या वर्षी लोक मला एसटीत, बाजारात, एका लग्नात तर पंगतीत गाठून तारखा सांगायचे.

आमच्या घरच्या उसाचीही नोंद चुकली होती. आबांचा, म्हणजे माझ्या वडलांचा, सव्वा एकर ऊस. लागण जुलैची, यादीत ऑगस्ट पडलेला. आबा चावडीवर जाऊन यादी वाचून आले आणि जेवताना म्हणाले, "आपला म्हैना चुकलाय बग." मी म्हटलं, उद्या बघते. दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेल्यागेल्या मी तो महिना बदलला. तारीख खरीच होती. लागणीच्या दिवशी मी स्वतः शेतात जेवण घेऊन गेले होते. घरातल्या माणसाकडून अर्ज काय लिहून घ्यायचा? तेवढा विचारसुद्धा मी केला नाही. एक महिना म्हणजे तोडणीच्या क्रमात जवळपास तेवढाच फरक. डिसेंबरात तुटणारा ऊस जानेवारी संपेपर्यंत उभा राहणार. पण आता तो बदलला होता, विषय संपला होता.

अर्जांची मुदत नवरात्राआधी संपली. अंतिम यादी छापायची, पण ती नव्या सिस्टिमवरच छापू म्हणून मी थांबवली. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी इंजिनिअर साहेब येणार, सर्व्हरची डिस्क कोरी करणार, नवं व्हर्जन बसवणार आणि मग टेपवरून नोंदी परत चढवायच्या. दुसरी डिस्क मिळाली असती तर जुनी तशीच बाजूला ठेवता आली असती. मी मागितली होती. "पुढच्या वर्षी बघू," असं उत्तर आलं.

चालू टेपा दोन होत्या. साबणाच्या वडीहून मोठ्या, कडेला झडप असलेल्या. एक ऑफिसात, दर शनिवारी तिच्यावर नवी नक्कल घ्यायची. दुसरी लासुर्ण्याला माझ्या कपाटात, साड्यांखाली. ऑफिसला आग लागली तर काय, म्हणून. ती गणपतीत घेतलेली होती. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी मी ऑफिसच्या टेपवर ताजी नक्कल घेतली आणि नुसती घेतली नाही, तर बाद पीसीवर ती सगळी वाचून बघितली; त्यावर चढवली मात्र नाही, तिथं उन्हाळ्यातलीच नक्कल राहू दिली. एकेक नोंद मोजून जुळवली. टेपवर नवं लेबल चिकटवून ती ऑफिसच्या कपाटात ठेवली.

आता खंडेनवमीचं सांगायला हवं. त्या दिवशी कारखान्यात मिलपासून पान्यापर्यंत सगळ्या हत्यारांची पूजा होते. आम्ही बौद्ध. दसऱ्याला आमच्याकडे धम्मचक्र प्रवर्तन दिन, पांढरी साडी नेसून विहारात जायचं. खंडेनवमीला मी रजा घ्यायचे आणि त्याबद्दल मला कोणी कधी काही विचारलं नाही, मीही कोणाला पूजा करू नका म्हटलं नाही. फक्त पहिल्याच वर्षी तात्यांनी सर्व्हरला हळद-कुंकू वाहिलं होतं आणि फ्लॉपीच्या फटीतून मी महिनाभर कुंकू काढत बसले होते. तेव्हा आमची तडजोड झाली. यंत्राला हात लावायचा नाही. ते मी कापड घालून झाकणार, आणि पूजेसाठी यंत्रातलंच काहीतरी बाहेर काढून ठेवणार. दरवर्षी मी एक निकामी टेप टेबलावर ठेवायचे. तिला कुंकू, अक्षता, झेंडू, समोर नारळ. सगळे खूश. त्याही वर्षी मी ती निकामी टेप ठेवून घरी गेले.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब आले. चहा घेतला. डिस्क कोरी करण्याआधी त्यांनी विचारलं, "टेप तपासलीय ना मॅडम?"

"दसऱ्याआधीच तपासलीय," मी म्हटलं. "नोंद न् नोंद."

हे वाक्य मी केवढ्या तोऱ्यात म्हटलं, ते मला अजून आठवतं. त्यांनी बटण दाबलं.

नवं व्हर्जन दुपारपर्यंत छान बसलं. टर्मिनलं एकामागून एक उठली. मग मी टेप घातली. ती थोडा वेळ फिरली, कुरकुरली आणि थांबली. पडद्यावर चूक आली. पुन्हा घातली, पुन्हा तेच. बाहेर काढून मी कडेची झडप उघडली. आत फितीच्या काठाला तांबडी रेघ होती, ओलसर होऊन वाळलेली.

मला सगळं एकदम कळलं. मी हॉलमध्ये गेले. तात्या खुर्चीवर बसले होते. मी टेप त्यांच्यापुढं धरली.

"व्हय, हीच की," ते म्हणाले. "तुमी ठिवलेली लई जुनी, फुटकी व्हती. पूजंला जुनंपानं कसं ठिवायचं? कपाटात ही नवी लेबलाची दिसली. पर पूजा झाल्यावर नीट पुसून ठिवली व्हती, नारळाचं पाणी उडलं व्हतं थोडं म्हणून."

मी त्यांना जे बोलले, ते इथं लिहीत नाही. हॉलमधले सगळे ऐकत होते. माझ्या वडलांच्या वयाचा माणूस डोक्यावरची टोपी हातात घेऊन उभा होता आणि मी थांबत नव्हते. त्यांनी एकदाही "मला काय ठावं" असं म्हटलं नाही. खरं तर दोष कोणाचा होता? कपाटाला कुलूप नव्हतं. आणि टेप मी तपासली होती ती तीन दिवसांपूर्वी. डिस्क कोरी करण्याच्या दिवशी सकाळी, बटण दाबायच्या आधी, ती पुन्हा एकदा वाचायला अर्धा तास लागला असता. तो अर्धा तास मी चहात घालवला. पुढं माझ्या नोकरीच्या सगळ्या वर्षांत मी तसं पुन्हा केलं नाही, पण त्या दिवसाला त्याचा काय उपयोग.

साहेबांनी फीत पुसून बघितली, स्पिरिट लावलं, काही जमलं नाही. मी दुपारच्या एसटीनं लासुर्ण्याला गेले, साड्यांखालची टेप काढली आणि परत आले. ती मात्र सुरळीत वाचली गेली. सगळ्या गावांच्या नोंदी उठल्या. फक्त त्या गणपतीतल्या होत्या. त्यानंतर अर्जांवरून केलेल्या दुरुस्त्या, शंभराच्या वर, त्यात नव्हत्या. ज्यांच्या नोंदीतली चूक आपण कबूल केली होती, ती सगळी माणसं पुन्हा चुकीच्या जागी जाऊन बसली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोचले तेव्हा तात्या आधीच येऊन बसले होते. समोर टेबलावर तारेत ओवलेले अर्ज. आला तसा एकेक अर्ज त्यांनी तारेत ओवला होता. कॉम्प्युटरवर चढल्यावर तो फाडायचा असतो हे मी त्यांना सांगितलं होतं आणि त्यांनी ऐकलं नव्हतं. ते म्हणाले, "मी वाचतो, तुमी घाला." मी "तात्या, काल मी..." असं सुरू केलं, तर त्यांनी पहिल्या अर्जाचा गट नंबर वाचायला घेतला.

दोन दिवस आम्ही तेच केलं. तारेतले अर्ज एकेक करून संपत आले. शेवटचा घातल्यावर तात्यांनी चष्मा काढला.

"तुमच्या वडलांचं एक व्हतं न्हवं? जुलै केल्याला. मी पडद्यावर बगितल्यालं."

मी आबांची नोंद पडद्यावर काढली. त्यांच्या तपासणीतून काही सुटत नसे.

"कागद न्हाय त्यो," तात्या म्हणाले.

"नाही. मी घरीच ऐकून घातला होता."

माझ्या समोर आबांचं नाव होतं, पुढं ऑगस्ट. एक आकडा बदलायचा. आठाचा सात. खरीच तारीख होती ती, कोणावर अन्याय नव्हता. पण कागदाशिवाय यंत्रात काही जाऊ द्यायचं नाही हा नियम माझा, पाटीसुद्धा माझी. आणि दोन दिवसांपूर्वी भर हॉलमध्ये मी एका माणसाला शिस्तीवरून सोलून काढलं होतं.

तात्यांनी खुर्ची जवळ ओढली. "एक अर्ज मी लिवतो. मुदतीतल्या तारखंचा. तारंत मदी कुठंतरी घालू. तारीख काय खोटी न्हाय, दिवस तेवडा मागचा. माज्यामुळं झालंय, मॅडम."

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं की माझ्या, सांगता येत नाही. मी म्हटलं, उद्या बघू.

घरी जेवताना मी सगळं सांगितलं. आई म्हणाली, "मग त्यात काय? तुज्याच हातात हाय की समदं. एक बोट लावायचं." आबांनी भाकरी मोडता मोडता विचारलं, "मागच्या तारखंचा अर्ज?" मी म्हटलं, हो, तात्या लिहून देतायत. आबांनी ताटातली भाकरी संपवली. उठले, हात धुतले, बाहेर जाऊन बसले. मी सांगितलं तेव्हा माझ्या मनात काय होतं? त्यांनी "घाल" म्हणावं असंच होतं. त्यांनी म्हटलं असतं तर मी घातलं असतं, आज हे लिहायला लाज वाटते तरी लिहिते.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला काउंटरवर आबा उभे होते. धुतलेला सदरा, टोपी. त्यांच्या पुढं दोन माणसं होती, त्यांच्या मागं ते रांगेत. माझ्या ऑफिसात ते त्याआधी कधीच आले नव्हते. त्यांची पाळी आली तेव्हा त्यांनी खिशातून वहीचा कागद काढला. शाळेतल्या पोराकडून लिहून घेतलेला अर्ज, खाली त्यांची सही, आणि वर त्या दिवसाची तारीख.

"मॅडम," ते म्हणाले, "अर्ज घ्या."

मला मॅडम म्हणाले ते. घ्या म्हणाले. हॉलमध्ये कोणी हसलं नाही.

"मुदत संपलीय," मी म्हटलं.

"ठावं हाय. तुमी घ्या आन् पोच द्या."

मी अर्ज घेतला. रबरी शिक्का उचलला, "मुदतीनंतर प्राप्त" असा. तो उमटवला, सही केली, पोच फाडून दिली. तात्या टेबलापाशी उभे राहून बघत होते. आबांनी पोच हातात धरून सगळी वाचली, शिक्क्यासकट, ओठ हलवत. "बराबर हाय," ते म्हणाले. घडी घालून खिशात ठेवली आणि बस गाठायला निघून गेले.

त्या संध्याकाळी अंतिम यादी छापली. प्रत्येक पानावर साल चार आकडी, सगळे क्रम सरळ. इंजिनिअर साहेबांचा फोन आला तेव्हा मी सांगितलं, व्हर्जन उत्तम चाललंय, आणि ते खरंच होतं. हंगामभर एकदाही सर्व्हर बंद पडला नाही. तात्यांनी माझ्यासाठी कपाटाला एक कुलूप आणून लावलं, किल्ली मला दिली.

आमच्या सव्वा एकराची तोड जानेवारीच्या अखेरीस आली. आमचं शेत रस्त्यालाच आहे. आजूबाजूचे फड डिसेंबरातच मोकळे झाले होते, मधे आमचा तेवढा उभा, वर पांढरा तुरा. एसटी तिथून रोज सकाळी जायची. आबा कधी बांधावर असले तर बस बघून हात वर करायचे, आणि खिडकीत बसलेली मी मांडीवरच्या पर्समध्ये काहीतरी शोधत असायचे.